पिवळं साटिन परत

४ तारीख, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे, कारण बोलायची सोय उरलेली नाही. आईला सांगावं तर ती दुसऱ्या मिनिटाला रडत रडत सगळ्या जगाला ऐकवेल. दुकानातल्या काकूंना सांगावं तर त्यांची शिलाई मशीन थांबेल आणि तोंड सुरू होईल. राहिला हा कागद.

धाकटीला काल पोचवून आले. दुसऱ्या गावी, नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात. खोली एवढीशी, खिडकी रस्त्यावर, कपाटाचं दार लागत नाही. पण खोलीच्या दाराला आतून चांगली जाड कडी आहे. मी तिथे असतानाच तिने ती पुन्हापुन्हा लावून पाहिली.

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं बांधलेली आहेत. नवऱ्याने दारात चेमटली. चुकून, म्हणे. माझी बहीण दातांच्या कवळ्या बनवते. मेणात एकेक दात असा बसवायचा की म्हातारा माणूस हसला तर समोरच्याला शंका येऊ नये. बोटं गेली तर तिच्याकडे राहिलं काय? हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच बोटं.

तो आधी माझ्याच दारात येणार, म्हणून तिला इथे ठेवली नाही. ती कुठे आहे हे फक्त मला माहीत. तिचं जुनं सिम मी कापड कापायच्या कात्रीने कापलं. या कात्रीने काकूंनी एकदा कागद कापला होता तेव्हा मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नव्हते. आज मीच कापलं आणि बरं वाटलं.

५ तारीख, मंगळवार

नव्या नंबरची सगळी व्यवस्था मी स्वतः लावली. तिथून निघण्याआधीच तिचा फोन मांडीवर घेऊन बसले होते. संदेशांच्या ॲपमधला फोटो काढून टाकला. ती शेवटची कधी दिसली, आत्ता आहे का, हे कुणालाच दिसणार नाही असं केलं. तिला कुणी परस्पर ग्रुपमध्ये ओढू शकणार नाही असंही केलं. सहा आकडी पिन घातली. ती म्हणाली, "ताई, तू पडदे सोडून हाच धंदा सुरू कर." किती दिवसांनी हसली!

आणि माझ्या फोनमध्ये तिचं नाव? ते मी घालीन होय! आमच्या दुकानात तसंही गिऱ्हाईक नावाने नसतंच. 'राखाडी हॉल चार खिडक्या', 'डॉक्टरीणबाई फुलांचं', 'घासाघीस मरून' अशी माझी सगळी यादी आहे. नाव लक्षात राहत नाही, कापड राहतं. गेल्या महिन्यात एकीने शिवून झालेले पिवळे साटिनचे पडदे रंग आवडला नाही म्हणून परत केले. त्यातलाच एक धाकटीच्या खिडकीच्या मापाचा करून मी तिला दिला आहे. म्हणून तिला साठवलं 'पिवळं साटिन परत'. कुणी माझा फोन हातात घेऊन बसलं तरी त्याच्या बापाला कळणार नाही.

त्यातल्या त्यात बरं की माझा फोन चांगला आहे. हा धाकटीच्या नवऱ्यानेच आणून दिला होता म्हणा, मागच्या वर्षी, अजून सगळं गोड होतं तेव्हा. "ताई, तुम्ही काही बघू नका, मी सगळं चढवून देतो," म्हणून तासभर बसला होता इथेच. जुने नंबर एकही न हरवता आले. नंबर साठवला की वर एक छोटा ढग उमटतो आणि जातो. तेवढं एक काम मात्र त्याने निगुतीने केलं.

७ तारीख, गुरुवार

आला. मला माहीतच होतं.

दुकानात शिरताना चपला बाहेर काढल्या. कुणीच काढत नाही. स्टुलावर बसला, काकूंना नमस्कार केला, आईची तब्येत विचारली. मग म्हणाला, "ताई, ती रागावून गेलीय. तुमच्याशी बोलली असेलच."

मी म्हटलं, "मला काही माहीत नाही."

"बोलली तर सांगा, मी वाट बघतोय."

कुठेही आवाज चढला नाही. जाताना पडद्याच्या कापडाचा ताका हाताने सरळ करून गेला. काकू म्हणाल्या, "माणूस किती शांत आहे हो!" मी कात्री इतक्या जोरात चालवली की अस्तर वाकडं गेलं.

९ तारीख, शनिवार

तिला एका कवळ्यांच्या प्रयोगशाळेत बोलावलं होतं. सोबत नेलेलं जुनं काम पाहिलं, आवडलं. तोवर बोटं बरी होऊ देत, आठवड्याभरात फोन करू म्हणाले. आता त्या नंबरवर तिचं सगळं अवलंबून आहे. नोकरी मिळाली तर ती तिथेच राहील, नाही मिळाली तर किती दिवस कडी लावून बसणार?

पोलिसांकडे जा म्हणावं तर ती जात नाही. मागे एकदा गेली होती. तक्रारीच्या कागदावर पहिलाच रकाना मोबाईल नंबरचा, आणि टेबलापलीकडे बसलेला त्याचा शाळासोबती.

१० तारीख, रविवार

त्याला नंबर मिळाला.

दुपारी तिला अनोळखी नंबरवरून फोन आला. तिला वाटलं प्रयोगशाळेचा. 'हॅलो' म्हणाली आणि पलीकडून काहीच नाही, नुसता श्वास. मग संदेश: 'आवाज ऐकून बरं वाटलं.'

तिला विचारलं, नंबर कुणाकुणाला दिलास? प्रयोगशाळेला आणि वसतिगृहाच्या बाईंना. बस. आणि मग तिने हळूच सांगितलं की बाईंनी सगळ्या मुलींचा एक ग्रुप केला आहे, पाणी कधी येणार, गेट कधी बंद, असल्या सूचनांसाठी. बाईंनी दुवा पाठवला आणि ही मुकाट्याने आत गेली. ग्रुपमधल्या प्रत्येकीला प्रत्येकीचा नंबर दिसतो!

मी बाईंना फोन लावला आणि धुऊन काढलं. "तुम्हाला काही कळतं का? इथे बायका कशासाठी येऊन राहतात याचा विचार केलात कधी?" त्या गप्प ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "चुकलं. उद्याच ग्रुप बंद करते." त्यांच्या गप्प बसण्याचाही मला राग आला.

१२ तारीख, मंगळवार

दुसरं सिम. पहिलं मोडून फेकलं. प्रयोगशाळेत जाऊन तिने नवा नंबर दिला. तिथल्या मुलीने कपाळाला आठ्या घालत लिहून घेतला, म्हणे.

माझ्याकडे नाव तेच ठेवलं आहे, फक्त आकडे बदलले. उगाच आणखी एक नवं नाव कशाला? तेवढ्यानेही कुणाला संशय येतो. मी आता फार बारीक विचार करते आहे.

१३ तारीख, बुधवार

पुन्हा.

एक दिवस! एक दिवससुद्धा गेला नाही. या वेळी लांबलचक संदेश. घर सुनं आहे, कुंड्यांना पाणी तो घालतो, ती आली की सगळं विसरू. आणि खाली, 'नंबर बदलून काय होणार?'

बाईंना हा नंबर दिलेलाच नाही. ग्रुप बंद झालेला आहे. मग कोण?

दिवसभर दुकानात माझं लक्ष नव्हतं. काकूंकडे बघत बसले. त्या त्याला शांत म्हणाल्या होत्या. मी धाकटीशी बोलते तेव्हा त्यांची मशीन थांबते, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. विचारलं, "काकू, माझ्या फोनला हात लावता का तुम्ही?" त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुन्हा घातला आणि मशीन चालवू लागल्या. संध्याकाळी 'येते' न म्हणता गेल्या. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

१५ तारीख, शुक्रवार

आज आईचा फोन तपासला. ती आंघोळीला गेली असताना, चोरासारखा. त्याचे पाच फोन आले होते. दोन उचललेले.

ती बाहेर आली तेव्हा मी फोन हातात धरूनच उभी होते. "काय बोलतेस त्याच्याशी?"

"तो रडतो गं. मी नुसतं ऐकते."

"नंबर दिलास ना त्याला?"

"माझ्याकडे आहे का तिचा नंबर? तू कधी दिलास मला?" आईचे केस ओले होते, टॉवेल खाली पडला होता. "माझ्या पोटच्या पोरीशी बोलायला मला तुझी परवानगी लागते. आणि वर मलाच विचारतेस?"

मी म्हटलं, "तुला दिला असता तर एव्हाना जावईबापूंच्या हातात असता." आई आत गेली. जेवायला आली नाही. मीही जेवले नाही. कुणावर विश्वास ठेवायचा हे मला कळेनासं झालं आहे. बोलल्याचं वाईट वाटतंय आणि संशयही जात नाही.

१६ तारीख, शनिवार

आज झालं ते लिहायलाच हवं.

सकाळी धाकटीला त्याचा संदेश आला. एवढंच: 'पिवळं साटिन छान दिसत असेल ना?'

तिने मला फोन केला तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं. "ताई, पडदा... त्याला पडदा कसा माहीत?" मला एकच सुचलं: तो तिथे आहे. खिडकी रस्त्यावर आहे, तो समोर उभा राहून पडदा बघतो आहे. मी ओरडले, "निघ! आत्ताच्या आत्ता! मागच्या दाराने. सामान राहू दे!"

"प्रयोगशाळेचा फोन यायचाय आज."

"जळो ती प्रयोगशाळा!"

आणि मग मी ते बोलले. तोंडातून गेलंच. "खरं सांग, तू त्याला उत्तर दिलंस का? तूच सांगितलंस का त्याला? दोन्ही नंबर त्याला तूच दिलेस का?"

मला तिच्या चपलांचा आवाज आला, जिना उतरताना असतो तसा.

"तुलाही तसंच वाटतं," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

फोन बंद झाला. त्यानंतर लागत नाही.

१७ तारीख, रविवार

लागत नाही.

१८ तारीख, सोमवार

गाडी पकडून तिच्या गावी गेले. स्टँड पाहिलं, सरकारी दवाखाना पाहिला, नदीच्या पुलावर जाऊन आले. पुलावर का गेले ते लिहीत नाही.

वसतिगृहापाशी गेलेच नाही. तो समोर उभा असेल आणि माझ्यावरून तिचा माग काढेल म्हणून. लांबून त्या रस्त्याच्या टोकाला थांबले. तो दिसला नाही. कुणीच नव्हतं, एक माणूस सायकलला हवा भरत होता. मी त्यालासुद्धा निरखून पाहिलं.

घरी आले तर आई जागीच होती. माझ्या चेहऱ्याकडे पाहून भात वाढला.

१९ तारीख, मंगळवार

तो दुकानात आला. पुन्हा चपला बाहेर.

"ताई, तिचा फोन बंद का लागतोय?" असं विचारलं, जणू बिल का आलं नाही विचारावं. म्हणजे त्यालाही ती कुठे आहे ते माहीत नाही! एका क्षणापुरता मला आनंद झाला. दुसऱ्या क्षणी आठवलं की मलाही माहीत नाही.

मी म्हटलं, "चालते व्हा."

तो हसला. "नवा घेतला की कळेलच."

काकूंनी मशीन थांबवली, उठल्या, आणि त्याच्या चपला पायाने रस्त्यावर ढकलल्या. मग येऊन परत शिवायला बसल्या. मला काकूंचे पाय धरावेसे वाटले. मी फक्त "चहा घेणार का?" विचारलं. "घेईन," म्हणाल्या.

२१ तारीख, गुरुवार

आज वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला. दुकानाच्या पाटीवर आणि पिशव्यांवर ज्याचा नंबर असतो त्या जुन्या तारेच्या फोनवर. मी ज्यांना धुऊन काढलं होतं त्याच. त्यांचा आवाज तसाच शांत.

"तुमची बहीण सामान ठेवून गेलीय. खोली किती दिवस अडवून ठेवू, विचारायचं होतं. कपडे आहेत, औषध आहे, आणि ती तुमची पडद्याची पिशवी."

"पडद्याची?"

"हो, पिवळ्या पडद्याची. उघडलेलीसुद्धा नाही, टाचण्या तशाच आहेत. खिडकीला आमचा हिरवाच आहे. ती म्हणाली होती, बोटं बरी झाली की रॉड चढवीन."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. मग खाली बसले, तिथेच, ताक्यांच्या मधे.

पडदा लावलेलाच नव्हता. रस्त्यावर उभं राहून कुणाला काय दिसणार? हिरवा. आणि धाकटी त्याला एका शब्दाने बोललेली नव्हती. तिला साटिन दिलंय हे कुणाला माहीत होतं? तिला, मला. आणि लिहिलेलं कुठे होतं? हा कागद सोडला तर जगात एकाच ठिकाणी.

फोन उघडला. सेटिंगमध्ये, कधी न उघडलेल्या खोलात गेले. खात्याचा पत्ता जिथे असतो तिथे माझं नाव नव्हतं. त्याचं होतं. मी साठवलेला प्रत्येक नंबर, राखाडी हॉल, डॉक्टरीणबाई, घासाघीस मरून, सगळे त्याच्या घरी जाऊन बसत होते. तो बसल्या जागी वाचत होता. गिऱ्हाइकांच्या गर्दीत एक नवं नाव आलं, त्याने लावून पाहिलं. नंबर बदलला, नाव तेच. मीच खूण करून दिली त्याला. त्याला माझ्या बहिणीचा माग काढावा लागलाच नाही. मी तिचे दोन्ही नंबर स्वतःच्या बोटांनी त्याच्या हातात ठेवले, आणि विचारलं काकूंना, आईला, तिला.

ती सुरक्षित होती. कडी जाड होती. मी तिला तिथून पळवून लावली.

रडून झाल्यावर काकूंना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. त्या म्हणाल्या, "आता तो नंबर खोडू नका. खोडलात तर त्याला कळेल की तुम्हाला कळलं. राहू दे तसाच. बसू दे त्याला बंद दार वाजवत." मला हे सुचलं नसतं.

आईलाही सांगितलं. आईने फक्त विचारलं, "म्हणजे मी नव्हते ना?" मी तिच्या मांडीत डोकं खुपसलं.

२३ तारीख, शनिवार

दुपारी दुकानातला तारेचा फोन वाजला. काकू जेवायला गेल्या होत्या, आई डबा घेऊन अजून यायची होती.

"मी आहे."

मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. मग सगळं एकदम बोलले. पडदा, नाव, ढग, त्याचं खातं. तुझी चूक नव्हती, एकही नव्हती, माझ्याच फोनमधून गेलं. ती ऐकत राहिली. मागे कसलीतरी चाकं फिरत होती, घासल्यासारखा बारीक आवाज येत होता.

"ताई," ती म्हणाली, "मी प्रयोगशाळेतून बोलतेय."

त्यांनी शनिवारी फोन केला होता, बंद लागला. मग ही सोमवारी स्वतः जाऊन उभी राहिली. म्हणाली, माझ्याकडे नंबर नाही, मी रोज येऊन विचारीन. तिसऱ्या दिवशी आतल्या बाईंनी एक खालची कवळी घासायला दिली. डाव्या हाताने घासली. ठेवून घेतलंय, आधी महिनाभर. राहायची सोयही तिथल्याच एकीकडे झाली आहे. कुठे, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"नवं सिम घेतलंय," ती म्हणाली. "आता एक सोय आहे म्हणे, नंबर न दाखवता नुसत्या टोपणनावाने बोलता येतं. ते बघतेय. पण तुझ्याकडे नंबर असायला हवा. लिहून घे."

पेन हातात होतं. खुणा करायचा खडूचा तुकडाही समोर होता. या एका नंबरासाठी मी पुलावर जाऊन आले होते.

"नको," मी म्हटलं. "मला देऊ नकोस."

"अगं, आईला काही झालं तर? तुला माझी गरज पडली तर?"

मी पेन खाली ठेवलं. "फोन तूच करत जा. टोपणनावही मला सांगू नकोस."

तिने मधलं दार लोटून घेतलं असावं, चाकांचा आवाज कमी झाला. मग म्हणाली, "तसं मी त्या दिवशी रागाने ठरवलंच होतं, तुला द्यायचा नाही." आणि नाक ओढलं. "आज द्यायला म्हणून केला होता गं."

"माहीत आहे," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.

तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन ठेवला गेला. मी रिसीव्हर धरूनच उभी होते. एव्हाना दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन पडद्याचे नमुने चाळत होती. नुकत्याच आलेल्या आईने डबा उघडता उघडता विचारलं, "कोण होतं?"

"राँग नंबर."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकांकडे. पोळीचा तुकडा मोडला आणि खाली बघत अगदी हळू म्हणाली, "जेवला का गं, राँग नंबर?"